१९७७ सालच्या चार तबकड्या : कोणी कोणाचे ऐकले?



या वेळी जरा वेगळा विषय घेतो आहे. परदेशी रॉक आणि पॉप संगीत म्हटले की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक, हे श्रीमंतांच्या मुलांचे चोचले. दोन, हा नुसता गोंगाट. या दोन्ही समजुती एकदा तपासून पाहिल्या पाहिजेत. त्यासाठी एकच साल घेऊ : १९७७. त्या वर्षी जी मुले-मुली इंग्लंड-अमेरिकेत पंधरा-वीस वर्षांची होती, ती आज साठीच्या पुढे गेली आहेत. तरी त्या वर्षीच्या रेकॉर्डींची नावे त्यांच्या तोंडून सुटत नाहीत. त्यातल्या चार तबकड्या माझ्याही आवडीच्या आहेत. त्यांच्या चालीसाठी त्या आवडतातच. पण त्या ऐकताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. इथे कोणी कोणाचे ऐकून घेतले?

मोडलेल्या घराचे गाणे

पहिली तबकडी ४ फेब्रुवारी १९७७ ची. ‘फ्लीटवुड मॅक’ या पाच जणांच्या ताफ्याची ‘रूमर्स’, म्हणजे अफवा. या पाच जणांत एक नवरा-बायकोचे जोडपे होते, जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्ही. दुसरे जोडपे लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांचे. रेकॉर्डिंग चालू असतानाच दोन्ही जोडपी तुटली. पाचवा मिक फ्लीटवुड, त्याचाही संसार त्याच सुमारास विस्कटला. तरीही ही माणसे रोज एकाच खोलीत काम करीत होती.

लिंडसेने गाणे लिहिले ते स्टीव्हीला सोडून जा म्हणणारे, आणि त्या गाण्याला मागून साथ दिली ती खुद्द स्टीव्हीने! क्रिस्टीनने आपल्या नव्या प्रेमावर गाणे रचले आणि नवऱ्याला सांगितले की हे माझ्या कुत्र्यावर आहे. त्या गाण्यावर बास गिटार वाजवली ती त्याच नवऱ्याने. पुढे ही तबकडी अमेरिकेत ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली आणि जगभर चार कोटींच्या आसपास खपली. हे लोक त्या काळात अमली पदार्थांच्या आहारी गेले होते, ते आपण उचलण्यासारखे नाही. पण एकमेकांशी धड बोलणेही अवघड झालेली माणसे एकमेकांचा सूर मात्र चुकू देत नव्हती, हे घेण्यासारखे आहे.

बेकार पोरांची आरोळी

दुसरी तबकडी ८ एप्रिल १९७७ ची, लंडनच्या ‘द क्लॅश’ या ताफ्याची. ताफ्याचे नाव तेच तबकडीचे नाव. त्या वर्षी ब्रिटनमध्ये राणीच्या राज्याभिषेकाचा नव्हे, तर राज्यारोहणाचा रौप्य महोत्सव साजरा होत होता, आणि देशात बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेलेली होती. त्या बेकारीतून ‘पंक’ नावाचे संगीत बाहेर पडले. तीन सूर येत असले तरी चालेल, पण बोलायचे आहे ते बोलून टाका, असा त्याचा खाक्या. या ताफ्यातल्या पॉल सिमोननला आधी बास गिटार वाजवताच येत नव्हती. कोणता सूर कुठे ते कळावे म्हणून त्याने गिटारीच्या पट्टीवर रंगाने खुणा करून घेतल्या होत्या. मिक जोन्स आजीजवळ वाढलेला. त्याने सरकारी मदत देणाऱ्या कचेरीत टपाल फोडण्याचे काम केले होते, आणि ते पाकिटांतून बॉम्ब येण्याचे दिवस होते! नोकरीच्या नावाखाली काय काय पदरी पडते, यावर या तबकडीत एक अख्खे गाणे आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पुढची. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या जत्रेत पोलीस आणि काळी तरुण मुले यांच्यात मोठी चकमक झाली. जो स्ट्रमर आणि सिमोनन हे दोघे गोरे तरुण त्या गर्दीत सापडले होते. काळी मुले अन्यायाविरुद्ध उभी राहतात, मग आपण गोरे गरीब गप्प का, असा सवाल त्यांनी गाण्यातून टाकला. तबकडीच्या मागच्या बाजूला त्याच दिवशीच्या पोलिसांच्या धावपळीचा फोटो छापला. एवढेच नव्हे, तर ज्युनियर मर्विन या जमैकन गायकाचे पोलीस आणि चोरांवरचे गाणे त्यांनी आपल्या पद्धतीने गायले.

हे कान त्यांना कसे मिळाले? लंडनच्या ‘रॉक्सी’ क्लबमध्ये पंकचे कार्यक्रम होत. पण वाजवायला पंकच्या रेकॉर्डी तेव्हा जवळजवळ निघालेल्याच नव्हत्या. तेथे रेकॉर्डी लावणारा डॉन लेट्स हा जमैकन आई-वडिलांचा मुलगा. त्याने मधल्या वेळात आपल्या घरचे रेगे लावले. गोरी पोरे ते ऐकत राहिली.

गोळी लागल्यावरही गायलेला माणूस

तिसरी तबकडी ३ जून १९७७ ची, बॉब मार्ले आणि वेलर्स यांची ‘एक्झोडस’. मार्लेचा जन्म १९४५ सालचा, जमैकाच्या एका खेड्यातला. आई काळी, वडील गोरे. वाढला तो किंग्स्टन शहरातल्या ट्रेंच टाउन या गरीब वस्तीत. तरुणपणी वेल्डिंगचे काम शिकला. ‘रेगे’ हे संगीत त्याने जगभर पोचवले. त्यात गिटारीचा ठोका नेहमीच्या जागी न पडता मधल्या मोकळ्या जागी पडतो, आणि बास गिटारचा खर्ज छातीत घुमतो.

३ डिसेंबर १९७६ रोजी किंग्स्टनमधल्या त्याच्या घरात बंदूकधारी शिरले. मार्लेच्या छातीला आणि हाताला जखम झाली, पत्नी रीटाच्या डोक्याला गोळी लागली, व्यवस्थापक गंभीर जखमी झाला. देशात निवडणुकीचे दिवस होते आणि दोन पक्षांचे लोक रस्त्यावर एकमेकांचे जीव घेत होते. अशा वेळी ५ डिसेंबरला, म्हणजे दोनच दिवसांनी, तो पट्ट्या बांधलेल्या अंगाने हजारो लोकांसमोर उभा राहून गायला. नंतर देश सोडून लंडनला गेला. या तबकडीचे बरेचसे काम तेथेच झाले. ‘एक्झोडस’ म्हणजे गुलामीच्या देशातून लोकांनी एकजुटीने बाहेर पडणे. नाव बायबलमधल्या कथेवरून आलेले. पहिल्या बाजूला हा लढा आहे, आणि दुसऱ्या बाजूला प्रेम, दिलासा, नाच. गोळी खाल्लेल्या माणसाच्या गाण्यात सूडाचा उच्चार किती कमी आहे, हे ऐकणाऱ्याने स्वतःच पाहावे. ‘टाइम’ मासिकाने १९९९ मध्ये या तबकडीला शतकातली सर्वोत्तम ठरवले.

लंडनमध्ये असताना मार्लेच्या कानावर आले की गोरी पंक पोरे आपल्याकडची गाणी गात आहेत. त्याने त्याच वर्षी पंक आणि रेगे यांच्या एकत्र मेजवानीचे गाणे करून त्यांना उत्तर दिले आणि त्यात क्लॅशचे नावही घेतले. ज्याने मर्विनचे मूळ गाणे घडवले होते, त्या ली पेरीने १९७७ मध्येच क्लॅशच्याही एका गाण्याचे काम पाहिले. ऐकणे असे दोन्ही बाजूंनी झाले. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनमध्ये वंशद्वेषाविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चाच्या शेवटी व्हिक्टोरिया पार्कमध्ये क्लॅश आणि ‘स्टील पल्स’ हा काळ्या तरुणांचा रेगे ताफा एकाच मंचावर गायले. त्याच्या आठवडाभर आधी, २२ एप्रिलला, मार्लेने किंग्स्टनमध्ये दोन्ही विरोधी पक्षांच्या नेत्यांना मंचावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातात दिले होते. रक्तपात तेवढ्याने थांबला नाही. मार्लेही ११ मे १९८१ रोजी कर्करोगाने गेला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी.

शनिवारची रात्र

चौथी तबकडी नोव्हेंबर १९७७ ची, ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ या चित्रपटाची. चित्रपटाचा नायक न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रंगाच्या दुकानात राबणारा तरुण. आठवडाभर मालकाचे ऐकायचे आणि शनिवारी रात्री नाचाच्या फरशीवर राजा व्हायचे! मुख्य गाणी ‘बी जीज’ या तीन भावांची. गाणी ध्वनिमुद्रित होत असताना त्यांच्या ड्रमवाल्याला घरच्या दुःखद कारणाने जावे लागले. तेव्हा त्याने आधी वाजवलेला छोटासा तुकडा टेपवर गोल फिरवत ठेवून एक गाणे पुरे केले. ते गाणे मिनिटाला साधारण १०३ ठोक्यांचे आहे. बंद पडलेले हृदय चालू करण्यासाठी छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा लागतो. म्हणून आज ते शिकवताना हेच गाणे वापरतात.

पण डिस्को मुळात यांचा नव्हता. न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाच्या क्लबांत तो काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांनी वाढवला. ज्यांना बाहेर मान नव्हता, त्यांना तेथे मोकळा श्वास होता. या तबकडीने तो घरोघरी नेला. मग चीड उसळली. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग हजारो लोकांच्या जल्लोषात स्फोटाने उडवण्यात आला. हा राग केवळ संगीतावर नव्हता, ते संगीत ज्यांचे होते त्यांच्यावरही होता, असे तेव्हापासून अनेकांनी म्हटले आहे. मला ते पटते. तो डिस्को संपला मात्र नाही. १९८० मध्ये बंगलोरच्या बिद्दू यांनी घडवलेले आणि नाझिया हसनने गायलेले ‘कुर्बानी’तले गाणे आपल्या गल्ल्यांत वाजले, १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला, आणि आपल्या कितीतरी लग्नांच्या वराती त्या ठेक्यावर नाचल्या.

तेव्हा सांगायचे ते एवढेच. ज्यांनी ऐकून घेतले त्यांचे सूर वाढले. ज्यांनी ऐकण्याआधीच गोंगाट ठरवला, त्यांनी रेकॉर्डी फोडल्या. या चारही तबकड्या आज मोबाईलवर मिळतात. आपली मुले जे ऐकतात ते आपल्याला आवडलेच पाहिजे असे नाही. पण बंद कर म्हणण्यापूर्वी एक गाणे त्यांच्या शेजारी बसून पूर्ण ऐकावे आणि विचारावे, "यात तो काय सांगतो आहे रे?" मुलगा किंवा मुलगी उत्तर देईल. ते उत्तर कदाचित गाण्याबद्दल नसेल, त्यांच्या स्वतःबद्दल असेल. म्हणून घाईने उठू नये.