नितळ पाणी आणि शुद्ध पाणी

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरापुढे भाविकांची रांग लागते, त्याच सुमारास तेथील जुन्या चाळींतून नळाच्या तोंडाला फडके बांधले जाते आणि हंड्यात तुरटीचा खडा फिरविला जातो. पावसाच्या पहिल्या लोंढ्याने पाणी गढूळ होते, ते उकळून पिण्याच्या सूचना निघतात, काही दिवसांनी पाणी निवळते आणि त्याबरोबर तक्रारही निवळते. पाणी नितळ दिसू लागले म्हणजे ते शुद्ध झाले, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. तो निम्माच खरा आहे.

फडक्याने अडतो तो मातीचा कण. पाण्यात विरघळलेला पालापाचोळ्याचा अर्क फडक्याला दाद देत नाही. विहार तलाव 1860 सालचा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. या तलावांना रानाचा आसरा लाभला ही मुंबईची पुण्याईच म्हटली पाहिजे. परंतु रान म्हटले की पाने गळणार, कुजणार आणि चहाच्या पत्तीने पाण्याला रंग द्यावा तसा त्यांचा अंश पाण्यात उतरणार. रसायनशास्त्रज्ञ त्याला ह्यूमिक व फुल्विक आम्ले म्हणतात. एरवी हे द्रव्य फारसे उपद्रवी नाही. खरा प्रश्न उपस्थित होतो तो त्याची क्लोरिनशी गाठ पडल्यावर.

रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनज्ञ योहानेस रूक यांनी 1974 साली दाखवून दिले की, क्लोरिन आणि ही नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये यांच्या संयोगातून क्लोरोफॉर्म व त्याच्या जातीची संयुगे तयार होतात. वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या या संयुगांचा कर्करोगाशी संबंध असावा, अशी शंका तेव्हापासून घेतली जात आहे. अमेरिकेने 1979 साली त्यांच्यावर मर्यादा घातली. आपल्या भारतीय मानकानेही (2012) क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला 0.2 मिलिग्रॅम अशी ठरविली आहे. मात्र यावरून क्लोरिनच नको असा निष्कर्ष कोणी काढू नये. पटकी आणि विषमज्वर यांनी घेतलेले बळी ज्यांच्या स्मरणात आहेत, ते असला अविचार करणार नाहीत. क्लोरिन घालण्यापूर्वीच हा अर्क पाण्यातून काढून टाकणे, हाच सरळ उपाय होय.

तो काढण्याचे साधन म्हणजे आपली तुरटी, किंवा मोठ्या केंद्रांत वापरतात ती तिची अॅल्युमिनियमची भावंडे. अर्काचे आणि मातीचे कण ऋणभारित असतात, अॅल्युमिनियम धनभारित. दोहोंची गाठ पडली की कण साखळतात, जड होतात आणि तळाशी बसतात. विजेची पद्धत हेच कार्य दुसऱ्या वाटेने करते. पाण्यात अॅल्युमिनियमचे वा लोखंडाचे पत्रे सोडून त्यांतून एकदिश प्रवाह खेळविला की पत्रा झिजतो आणि त्याचा धातू पाण्यात उतरून गाळ साखळवितो. कल्पना नवी नव्हे. नॉर्वेतील संशोधकांनी पाचोळ्याने रंगलेल्या पिण्याच्या पाण्यावर केलेले असे प्रयोग 1984 साली प्रसिद्ध झाले आहेत. तुरटीने पाण्याची आम्लता वाढते आणि सह्याद्रीच्या मृदू पाण्यात ती सावरण्यासाठी चुना घालावा लागतो. या पद्धतीत ती अडचण बरीच कमी होते. उलट, क्षार थोडे असल्यामुळे याच मृदू पाण्यातून वीज सहजी वाहत नाही, आणि पत्र्यांवर थर चढला की ते घासावे लागतात. गाळाची विल्हेवाट तर दोन्ही पद्धतींत चुकत नाही.

मग भांडुपच्या केंद्रात ही पद्धत का आणू नये, असे कोणी विचारील. थोडा हिशेब मांडू. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की सुमारे एक तृतीयांश ग्रॅम अॅल्युमिनियम विरघळते. लिटरमागे 5 मिलिग्रॅम धातू व 10 व्होल्टचा दाब गृहीत धरला, तर मुंबईच्या रोजच्या सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाण्याला साडेएकोणीस टन धातूचे पत्रे आणि जवळजवळ 5 लाख 80 हजार युनिट वीज लागेल. शिवाय 18 जुलै 2021 च्या अतिवृष्टीत भांडुप संकुलात पाणी शिरले, विद्युतयंत्रणा बंद पडली आणि बऱ्याच मुंबईचे नळ कोरडे झाले, हे विसरून चालणार नाही. साऱ्या शहराचे शुद्धीकरण विजेवर अधिकच अवलंबून ठेवणे हा धोरणीपणा नव्हे.

हाच हिशेब एका गावाला लावला की चित्र पालटते. रोजच्या 1 लाख लिटर पाण्याला अर्धा किलो धातू आणि सुमारे 15 युनिट वीज पुरते. सौर पट्ट्यांतून मिळणारी वीज मुळातच एकदिश असते. तुरटीची गोणी वेळेवर पोहोचणे आणि तिचे प्रमाण अचूक ठरविणे जेथे दुरापास्त आहे, तेथे या पद्धतीचा विचार अवश्य झाला पाहिजे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. वडाळ्याचा हंडा ज्यांच्या उशाच्या पाण्याने भरतो, त्यांचे हे ऋण फेडण्याविषयी महानगराने आजवर फारसे मनावर घेतलेले नाही. या पद्धतीने तेथे पाणी वाढणार नाही हे खरे. पण मिळेल ते तरी निर्धोक मिळावे.

त्यासाठी पैसा महापालिकेने द्यावा. विद्वत्ता वडाळ्याच्या शेजारीच, माटुंग्यास आहे: वीरमाता जिजाबाई तांत्रिक संस्था आणि रसायन तंत्रज्ञान संस्था. तानसाकाठच्या एखाद्या पाड्यावर असे एक संयंत्र पूर्ण पावसाळाभर चालवावे, त्याच्याशेजारी तुरटीचे दुसरे ठेवावे, आणि सेंद्रिय कर्ब, क्लोरोफॉर्म, पाण्यात उरलेले अॅल्युमिनियम व लिटरमागचा खर्च यांचे आकडे मराठीतून प्रसिद्ध करावेत. वडाळ्याच्या नळाच्या पाण्याचे तेच आकडे त्यांच्याशेजारी छापावेत. पहिला नमुना जूनमधील पहिल्या गढूळ लोंढ्याचा घ्यावा. पाचोळ्याचा अर्क तेव्हाच सर्वांत दाट असण्याचा संभव आहे.