चौदा दिवस पाणी, चौदा दिवस कातळ

माझ्या मित्राला ऑफशोअर जॉब लागला तेव्हा आमच्या क्लाइंबिंग ग्रुपने त्याच्याकडून मस्त पार्टी उकळली. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटर आत, मुंबई हाय. 1974 मध्ये तिथे तेल सापडलं. फंडा सोपा: 14 दिवस समुद्रात, रोज बारा तास ड्युटी, मग 14 दिवस घरी. 'चौदा दिवस नुसतं क्लाइंबिंग, यार!' आम्ही बिचारे पाच दिवसांच्या आठवड्यातले कैदी. जाम जळलो.

पण गणित मांडून बघा. त्याच्या चौदा दिवसांत आमचे वीकेंड दोनच. त्यातला एक कुणाच्या तरी लग्नात जाणार. आणि बिले द्यायला दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवाच. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला, उन्हाळ्यात तापलेला. म्हणजे सीझन मोजून चार महिने. मग एकही वीकेंड सोडायचा नाही, असा त्याने चंगच बांधला.

जानेवारीतली गोष्ट. पंधरवडाभर नाइट शिफ्ट करून साहेब शुक्रवारी दुपारी जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरले. रात्री कसारा लोकल, पुढे जीपने घोटी, भंडारदरा, रतनवाडी. सकाळी आम्ही रतनगडाशेजारच्या खुटा सुळक्याखाली. लीड तोच करणार होता. गप्पा मारत त्याने कातळाला हात घातला. सवयीने माझी नजर त्याच्या हार्नेसकडे गेली. दोर ओवलेला, पण फिगर एटची गाठ अर्धीच!

"उतर," मी म्हटलं.

त्याने खाली गाठीकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. दहा वर्षं क्लाइंब करणारा मुलगा!

त्या दिवशी कुणीच चढलं नाही. रतनवाडीत परत आलो. पिठलं-भाकरी खाऊन तो एका पडवीत जो झोपला, तो थेट संध्याकाळी उठला. अमृतेश्वराच्या देवळापाशी बसलो होतो तेव्हा म्हणाला, "प्लॅटफॉर्मवर साधं वेल्डिंग असलं तरी परमिटशिवाय कुणी हात लावत नाही. आणि इथे मी झोपेत चढायला निघालो होतो."

आता नियम पक्का आहे. उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त झोप आणि आईच्या हातचं जेवण. वीकेंडचा हट्ट सोडलाय. त्याने पार्टनरही नवे शोधलेत: हॉस्पिटलमध्ये शिफ्ट करणारी एक नर्स आणि शुक्रवारी सुट्टी असलेला डोंबिवली एमआयडीसीतला एकजण. चढण्याआधी एकमेकांची गाठ, बकल, कॅराबिनर तपासणं कंपल्सरी. तो त्याला 'परमिट' म्हणतो.

महिन्यात क्लाइंब दोनच होतात. आधी चार व्हायचे. पण पुढच्या सीझनला खुटा आहेच की. तो कुठे जातोय?

आपल्यालाही आठवड्याचा थकवा शनिवारी पहाटे सॅकमध्ये कोंबून निघायची सवय आहे. या शनिवारी निघण्याआधी एकदा स्वतःची गाठ तपासा. नसेल पूर्ण, तर सरळ झोपा!