शिष्याची साक्ष

कुवेतमधील आपल्या कुटुंबांच्या बैठकींत एक विषय हमखास निघतो : बारावीनंतर मुलांचे काय? कुवेत विद्यापीठ १९६६ साली सुरू झाले, २००२ पासून येथे खाजगी विद्यापीठेही उभी राहिली. तरीही आपली अनेक मुले उच्च शिक्षणासाठी मायदेशी किंवा इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेकडे जातात. तेथे गेल्यावर त्यांच्यापुढे एक अपरिचित प्रथा येते. अनेक विद्यापीठे विद्यार्थ्यांनाच विचारतात, की उत्कृष्ट अध्यापनाच्या पुरस्कारासाठी तुम्ही कोणाचे नाव सुचविता, आणि का?

आमच्या परिचयाच्या एका घरी असाच एक दूरध्वनी आला होता. मुलीला संख्याशास्त्राच्या अध्यापिकेचे नाव सुचवायचे होते. पण लेखणी पुढे सरकत नव्हती. वडील म्हणाले, "लिही, बाई फार विद्वान आणि प्रेमळ आहेत." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असं तर कुणाबद्दलही लिहिता येईल. त्यांनी तुझ्यासाठी नेमकं काय केलं, ते लिही ना!" मग मुलगी सांगू लागली. पहिल्या चाचणीत ती नापास झाली, तेव्हा बाईंनी तिची उत्तरपत्रिका पुढे ठेवली आणि चूक कोणत्या पायरीवर होते, हे तिच्याच तोंडून वदवून घेतले. पुढे सहा आठवडे दर बुधवारी अर्धा तास त्यांनी तिच्यासाठी राखून ठेवला. वर्गात प्रश्न विचारण्याची तिची भीती त्या काळात गेली. हेच तिने लिहून काढले आणि पत्र तयार झाले.

आमच्या मते त्या मातेने एका वाक्यात या प्रथेचे मर्म सांगितले. शिक्षकाचे नाव सुचविणे म्हणजे त्याच्या गळ्यात हार घालणे नव्हे. ती साक्ष आहे. आणि साक्ष देणाऱ्याने पाहिले तेवढेच सांगावयाचे असते.

आपल्या देशातील जुन्या परंपरेत शिष्याच्या साक्षीला स्थानच नव्हते. एकलव्याची कथा आपण सारे जाणतो. ज्याने शिकविले नाही त्याने अंगठा मागावा, आणि ज्याने स्वतःच्या कष्टाने विद्या मिळविली त्याने तो निमूटपणे द्यावा, हीच जेथे गुरुभक्ती ठरली, तेथे गुरूची पारख करण्याचा अधिकार शिष्याला कोठून मिळणार? तथागतांचा मार्ग याहून वेगळा होता. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात त्यांनी भिक्खूंना प्रत्यक्ष शास्त्याचीही परीक्षा करण्यास सांगितले आहे. परीक्षेतून जी श्रद्धा उरते, तीच दृढ असते.

पूज्य बाबासाहेबांनी औरंगाबादेस १९५० साली महाविद्यालय काढले, त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला गेला. मिलिंद राजा प्रश्न विचारणारा, भदन्त नागसेन उत्तर देणारे. विद्येच्या त्या वास्तूवर प्रश्नकर्त्याचे नाव आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. विचारणाऱ्याचा मान सांगणाऱ्याच्या मानाहून कमी नाही, हा धडा त्या नावातच आहे.

बाबासाहेब स्वतः अध्यापक होते. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवीत. तेथे काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या एकाच माठातील पाणी पिण्यास हरकत घेतली, हे सर्वश्रुत आहे. विद्यार्थ्यांनीही आरंभी या नव्या प्राध्यापकाला फारसे गांभीर्याने घेतले नव्हते. परंतु त्यांचा व्यासंग आणि विषयाची मांडणी पाहून चित्र पालटले. इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीदेखील परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. त्या काळी विद्यार्थ्यांच्या हाती कोणताही अर्ज नव्हता. त्यांनी आपली शिफारस पायांनी चालत येऊन नोंदविली. ज्या माणसाला प्राध्यापकांच्या खोलीत पाण्यासाठी अडविले जात होते, त्याच्या विद्वत्तेची खरी नोंद बाकांवर बसलेल्या तरुणांनी केली. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

शिष्य म्हणूनही त्यांनी साक्ष देण्यात कसूर केली नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात त्यांनी कोलंबियातील आपले गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण मान्य केले. आणि केवळ नाव घेऊन ते थांबले नाहीत, तर समाजाने भूतकाळातील सारेच न जपता भविष्य उजळ करील तेवढेच जपावे, हा त्यांचा विचारही वाचकांपुढे ठेवला. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची सन्माननीय पदवी स्वीकारण्यासाठी ते निघाले, त्याच दिवसांत ड्यूईंचे निधन झाले. आपले अवघे बौद्धिक जीवन या गुरूचे ऋणी आहे, अशी भावना त्यांनी त्या वेळी पत्राने माईसाहेबांना कळविली. कृतज्ञता आणि चिकित्सा यांत विरोध नाही, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

मायदेशी शिक्षकांचे राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ पासून शालेय शिक्षकांना त्यासाठी स्वतःच अर्ज करता येऊ लागला. वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून राहण्यापेक्षा हे बरेच म्हणावयाचे; तरी जो शिकला त्याचा आवाज त्यात क्षीणच राहतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जगाने काय पाहिले? मुलांची मातृभाषा कन्नड म्हणून ते स्वतः कन्नड शिकले आणि मुलांना त्यांच्या भाषेत धडे मिळतील अशी सोय त्यांनी केली. येथेही विशेषणांपेक्षा कृतीच बोलली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विद्यार्थ्यांच्या पसंतीत पूर्वग्रह असतो आणि सोपे गुण देणारा शिक्षक लोकप्रिय होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात संगणकावरून शिकविणाऱ्या एका अध्यापकाला व एका अध्यापिकेला प्रत्येकी दोन गट दिले. एका गटाला त्यांची खरी ओळख सांगितली, दुसऱ्याला एकमेकांची. शिकविणारी व्यक्ती कोणीही असो, पुरुष समजून विद्यार्थ्यांनी अधिक गुण दिले. नाव ऐकून मत बदलणारी माणसे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत, तेव्हा या निष्कर्षाचे आपल्याला नवल वाटू नये. पण यावर उपाय विद्यार्थ्याचे तोंड बंद करणे हा नव्हे. पसंतीच्या जागी पुरावा मागणे, हा आहे. "बाई चांगल्या आहेत" यात पूर्वग्रह सहज लपतो. "सहा आठवडे दर बुधवारी अर्धा तास दिला" यात त्याला लपायला जागा फारच थोडी उरते.

आता थोडे आपल्या अवतीभवती पाहू. कुवेतची पहिली आधुनिक शाळा, मुबारकिया, १९११ साली व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून उभी राहिली. १९३६ साली पॅलेस्टाईनहून शिक्षक येथे आले आणि शिक्षणव्यवस्थेची घडी बसली. परदेशातून आलेल्या शिक्षकांचे ऋण या भूमीवर मोठे आहे. येथील भारतीय शाळांत आपल्या मुलांना शिकविणारे शिक्षकही आपल्यासारखेच पोटासाठी समुद्र ओलांडून आले आहेत. करार संपतो, सामान बांधले जाते आणि ते निघून जातात. आपल्या कोणत्या शब्दाने कोणत्या मुलाचे आयुष्य वळले, हे त्यांना कोणी सांगत नाही. आपणही सांगत नाही, ही आपली उणीव आहे.

म्हणून समाजबांधवांना आमची विनंती आहे. विद्यापीठातील मुलाने "नाव सुचवू का?" असे विचारले, तर "तू त्या भानगडीत पडू नकोस" असे म्हणू नका. त्याला पुराव्यानिशी लिहावयास सांगा. शाळकरी मुलांकडून या वर्षी एका तरी शिक्षकाला पत्र लिहवून घ्या. त्यात एकच प्रसंग असावा, पण तो खरा असावा. ज्यांच्या पूर्वजांना शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्यांच्या नातवंडांचा शब्द आज विद्यापीठे मागून घेत आहेत. तो शब्द तोलून, निर्भयपणे आणि कृतज्ञतेने देणे, हे आपले कर्तव्य आहे.