भरवशाची म्हैस आणि वाऱ्यावरची घोडी

(बी. ए. भाग २ मधील एक विद्यार्थिनी)

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपल्या शेतकरी पूर्वजांनी उगीच रचलेली नाही. ज्याच्यावर भिस्त ठेवावी त्यानेच ऐन वेळी दगा दिला तर संसाराचे काय होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आज अनेकांच्या दारात म्हशीच्या जागी मोटार उभी असली तरी प्रश्न जुनाच आहे. मुळात वेगासाठी बांधलेली, पण दुसऱ्याच्या हातून उतरलेली मोटार स्वस्तात मिळत असेल तर ती घ्यावी काय? तिचा भरवसा कमी, पण चालवण्याचा आनंद मोठा. मग पारडे कोणीकडे झुकावे? कला शाखेच्या विद्यार्थिनीने मोटारीवर लिहावे याचे काही मित्रमैत्रिणींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे तेवढाच माणसांचाही आहे, असे मला वाटते.

प्रथम या गाड्यांची ओळख करून घेऊ. २००० साली होंडा सिटी गाडी व्हीटेक इंजिनासह आली. दीड लिटरचे इंजिन आणि ताकद १०६ अश्वशक्ती. २००४ साली स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस आली. १.८ लिटरचे टर्बो इंजिन आणि १५० अश्वशक्ती असलेली ही गाडी त्या वेळच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथे जोडली जाई. पुढे रांजणगावातून फियाटची लिनिया टी-जेट आणि चाकणहून फोक्सवॅगनची व्हेंटो टीएसआय रस्त्यावर आली. यांतल्या तीन गाड्या आपल्या महाराष्ट्रातच तयार झालेल्या आहेत. वरून पाहिल्यास या चार दारांच्या साध्या संसारी गाड्या. पण पायाखालचे पेडल दाबले की त्यांचा खरा स्वभाव कळतो. नव्या असताना ज्या आमच्यासारख्यांच्या स्वप्नातही येत नव्हत्या, त्या आज नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी पैशांत मिळू शकतात. मोहाचे मूळ येथेच आहे.

हा मोह मी हलका मानत नाही. कोल्हापूरच्या माणसाला वाहनाची हौस शिकवावी लागत नाही. दसऱ्याच्या दिवशी नव्या राजवाड्यातून मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तेव्हा तिच्याकडे लागलेल्या हजारो डोळ्यांत कौतुकाशिवाय दुसरे काय असते? शिवाय या शहराच्या भोवती रस्ते तरी कसे आहेत! पन्हाळ्याची चढण, गगनबावड्याकडे जाणारी झाडीची वाट, आंबा घाटातली वळणे. अशा रस्त्यावर वळणाआधी गिअर उतरवावा, सुकाणूतून रस्त्याचा खडबडीतपणा तळहाताला जाणवावा आणि गाडीने बोट धरलेल्या मुलासारखे आपल्या मनाप्रमाणे वळावे, हा आनंद केवळ वेगाचा नव्हे. पैलवानाला डाव जमल्यावर जे समाधान मिळते, त्याच जातीचा हा आनंद आहे. तो ताशी चाळीसनेही मिळतो. बेफामपणे गाडी हाकणाऱ्याला तो मिळतच नाही, कारण त्याच्या हाती ताबा नसतो.

आता दुसरी बाजू पाहू. गाडी जितकी चपळ तितकी तिची प्रकृती नाजूक, असे पुष्कळदा घडते. टर्बो इंजिनात बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र भयंकर वेगाने फिरते. वेळेवर तेल बदलले नाही की ते प्रथम बसते. अनेक इंजिनांतला टायमिंग पट्टा मुदत संपल्यावर तुटला तर क्षणात व्हॉल्व्ह वाकतात. फोक्सवॅगन गटाच्या कोरड्या क्लचच्या सात गतींच्या स्वयंचलित गिअरपेटीची कथा तर जगजाहीर आहे. तिच्या तक्रारींमुळे २०१३ साली एकट्या चीनमध्ये सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरपेटीतले कृत्रिम तेल काढून खनिज तेल घालण्याचे ठरले, कारण उष्ण व दमट हवेत जुन्या तेलामुळे विजेचा बिघाड होण्याचा संभव होता. उष्ण आणि दमट हवा कशी असते, हे घाट उतरून कोकणात जाणाऱ्या कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको!

त्यात सुट्या भागांची अडचण. फियाटने आपल्या नावाच्या गाड्या येथे विकणे थांबवले आणि फोर्डने २०२१ साली भारतातील उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. कंपनी गेली तरी गाडी दारात राहते. पंधरा वर्षे झाली की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. आणखी एक गंमत पाहा. आपल्याच जिल्ह्याच्या उसापासून इथेनॉल तयार होते आणि आता पेट्रोलमध्ये ते वीस टक्के मिसळलेले असते. पण जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि रबरी भाग त्या मिश्रणासाठी बनवलेलेच नव्हते. उसाला भाव मिळावा हे खरे, पण जुन्या गाडीच्या मालकाने त्या नळ्यांकडेही लक्ष ठेवावे.

हा वाद सध्या आमच्या घरात चालू आहे. वडील दुधाचा टेम्पो चालवतात. पहाटे टेम्पो बंद पडला तर दूध नासते आणि त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून "गाडी म्हणजे न बोलता चालणारी" एवढीच त्यांची व्याख्या. थोरला दादा शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीजवळ उभा राहून काम करतो. त्याने पैसे साठवले आहेत आणि त्याला बारा वर्षांची एक टर्बो गाडी मनातून भरली आहे. तो म्हणतो, "आबा, जन्मभर भरवशाचंच चालवायचं का? कधी मनासारखं चालवायचंच नाही?" या प्रश्नाला आमच्या घरात अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

"ही श्रीमंतांची थेरं" असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणे मला पटत नाही. भट्टीजवळ आठ तास उभे राहणाऱ्याला आनंदाचा हक्क नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? परंतु दादाच्या मित्रांचे म्हणणेही मला तितकेच पोकळ वाटते. "उद्यमनगर आहे की! काय बी दुरुस्त होतंय," असे ते म्हणतात. शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांचा मला अभिमान आहे. लेथवर बुश कातून देणारे हात तेथे आहेत, यात शंका नाही. पण गिअरपेटीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू लेथवर कातता येत नाही. तेव्हा बिघाडाच्या दोन जाती ओळखल्या पाहिजेत. एक सांगून येणारा : क्लच घसरू लागतो, बेअरिंग आवाज करते, आपण सावध होतो. दुसरा न सांगता येणारा : गाडी भर घाटात रात्री उभी राहते. अशा वेळी गाडीत दादा असणे वेगळे आणि मी एकटी असणे वेगळे. बिघाड तोच, पण त्याची किंमत सर्वांना सारखी नसते.

माझ्या मते सगळा न्याय याच मुद्द्यावर व्हावा. ज्याच्या घरी दुसरी गाडी आहे, त्याला बिघाड म्हणजे एक गैरसोय. ज्याच्या घरी नाही, त्याच्या बिघाडाचे बिल घरातले दुसरेच कोणी भरते. येथे मी तटस्थ नाही, हे सांगितले पाहिजे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली आणि माझी फी दादा भरतो. त्याच्या गाडीची गिअरपेटी गेली तर कदाचित माझे तिसरे वर्ष तिच्याबरोबर जाईल. तरीही त्याने गाडी घेऊच नये, असे मी म्हणणार नाही.

मी म्हणेन, आनंद आणि भरवसा ही नेहमीच सवतीसवती नसतात. जुन्या सिटी व्हीटेकसारखी टर्बो नसलेली, हाताने गिअर टाकायची, चपळ पण साधी गाडी शोधावी. तिचे बहुतेक बिघाड सांगून येतात. जेवढे पैसे आहेत त्यांतला तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि तो वगळून जी परवडेल तीच गाडी पाहावी. सर्व्हिसची नोंद नसलेली गाडी कितीही चकचकीत असो, तिला दुरूनच नमस्कार करावा. आणि तिच्यावर पोट ठेवू नये. पोटासाठी वडिलांचा टेम्पो, मनासाठी ही गाडी.

मित्रहो, ज्या बिघाडाची किंमत आपण स्वतः भरणार आहोत, तेथे आनंद निवडायला हरकत नाही. ज्याची किंमत दुसऱ्याला भरावी लागणार आहे, तेथे आधी त्या दुसऱ्याला विचारावे. दादाने मला विचारले आहे. माझे उत्तर मी वर लिहिले आहे. आता गाडी पाहायला जाताना त्याने मलाही बरोबर न्यावे, एवढीच माझी अट आहे.