रात्री तिथे कोण असतं?

४ सप्टेंबर २०२२ हा ज्येष्ठा गौरींच्या पूजनाचा दिवस होता. बंगळुरूत नोकरी करणारी कितीतरी मराठी कुटुंबं गणपती-गौरींसाठी पुणे, सांगली, कोल्हापूरला घरी गेली होती आणि त्यांची कुत्री बेळ्ळंदूर, हरळूर, सर्जापूर रस्त्यावरच्या बोर्डिंगांमध्ये होती. त्या रात्री शहरावर पाऊस कोसळला. सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सुमारे १३० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. बेळ्ळंदूर, यमलूर आणि आउटर रिंग रोडचा बराच भाग पाण्याखाली गेला आणि आयटी कंपन्यांतली माणसं ट्रॅक्टरमधून कामाला निघाली. ‘अनअकॅडमी’ या ऑनलाइन शिकवणी कंपनीचे सहसंस्थापक गौरव मुंजाल यांनी आपलं कुटुंब आणि आल्बस हा कुत्रा सोसायटीतून ट्रॅक्टरने बाहेर पडतानाचा व्हिडिओ तेव्हा टाकला होता. आल्बसजवळ त्याची माणसं होती. बोर्डिंगमधल्या कुत्र्यांजवळ त्या रात्री कोण होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

यंदाही सणासुदीच्या आधी वाचक विचारू लागले आहेत की बेळ्ळंदूरकडे चांगलं बोर्डिंग कोणतं. निवड कशी होते हे मला ठाऊक आहे. फोटोतली हिरवळ, छोटासा तलाव, एसी खोल्या, मोबाइलवर दिसणारा कॅमेरा आणि रिव्ह्यूचे तारे. यांतलं काहीही वाईट नाही, पण हे सगळं दिवसाउजेडी पाहणाऱ्या माणसासाठी आहे. कुत्र्याचा जीव जातो तो बहुधा रात्री अकरा ते सकाळी सहाच्या दरम्यान, पोट फुगलं आणि कुणाला कळलं नाही म्हणून किंवा दाराची कडी नीट लागली नाही म्हणून. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: रात्री तिथे कोण असतं, त्याच्याकडे किती जनावरं असतात आणि अडचण आली तर काय करायची त्याला मुभा आहे?

बेळ्ळंदूर परिसरात ढोबळमानाने तीन प्रकारच्या जागा आहेत. फ्लॅटमध्ये चालणारं होम बोर्डिंग, सर्जापूर-वरतूरच्या बाजूला मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये उभारलेली केनेल्स आणि दवाखान्यांच्या मागच्या खोलीतले पिंजरे. होम बोर्डिंगमध्ये निदान माणूस त्याच घरात झोपतो. केनेलमध्ये मात्र तुमच्याशी फोनवर गोड बोललेली मालक व्यक्ती संध्याकाळी घरी जाते आणि मागे उरतो एक मुलगा, बहुतेकदा आसाम, ओडिशा किंवा उत्तर कर्नाटकातून आलेला, शेडशेजारच्याच खोलीत राहणारा. तुमच्या अनुपस्थितीत तुमच्या कुत्र्याचा पालक तो असतो. त्याला आठवड्याची सुट्टी मिळते का? दिवसभर खरकटी भांडी, विष्ठा, आंघोळी उरकून रात्री तो जागा राहू शकतो का? मालकाचा फोन लागला नाही तर स्वतःच्या निर्णयाने टॅक्सी करून दवाखान्यात जाण्याइतके पैसे आणि अधिकार त्याच्याकडे आहेत का? हे विचारताना लोकांना संकोच वाटतो, दुसऱ्याच्या नोकराची चौकशी केल्यासारखं वाटतं. तो संकोच सोडायला हवा. ज्या जागी सांभाळणाऱ्याची नीट सोय नाही, तिथे सांभाळल्या जाणाऱ्याची नीट सोय असणं मला अशक्य वाटतं. एका माणसाकडे रात्री आठ-दहापेक्षा जास्त कुत्री असतील तर मी माझं जनावर तिथे ठेवणार नाही.

त्या मुलाला भेटा, त्याचं नाव विचारा, कुत्र्याला त्याच्या हातून खाऊ द्यायला लावा. आपली कुत्री मराठी ऐकून वाढलेली असतात. ‘बस’, ‘ये’, ‘नको’, ‘शू करून घे’ हे रोजचे शब्द त्याला म्हणून दाखवा आणि त्याला वाचता येईल अशा लिपीत लिहून द्या. परक्या जागेत ओळखीचा शब्द कानावर पडला की घाबरलेलं कुत्रं लवकर निवतं.

कॅमेऱ्यावर फार विसंबू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ठाण्यातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात ग्रूमिंगच्या वेळी चाऊ चाऊ जातीच्या कुत्र्याला मारहाण झाल्याचा व्हिडिओ पसरला आणि कर्मचाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. जागा चकचकीत आहे म्हणून आतला हात मायेचा असतो असं नाही. शिवाय कॅमेऱ्यातून वास येत नाही. न कळवता, दुपारच्या वेळी जा आणि आत शिरताच वास घ्या. डोळे चुरचुरतील असा मुताचा वास वाईटच, पण फिनेलचा भपकाराही तितकाच वाईट. फिनेलने पार्व्होचा विषाणू मरत नाही. तो जमिनीच्या भेगांत महिनोन्महिने टिकतो आणि त्याला ब्लीचचं योग्य प्रमाणातलं द्रावण लागतं. मांजरांना तर फिनेल थेट विषारी आहे, कारण असली रसायनं पचवून बाहेर टाकण्याची क्षमता त्यांच्या यकृतात फार कमी असते. पायावरचं फिनेल मांजर चाटतं आणि आजारी पडतं. ज्या बोर्डिंगमध्ये मांजरांच्या खोलीतही फिनेलने लादी पुसतात, तिथल्या लोकांना मांजर कळलेलं नाही. जाता जाता भिंतींच्या सांदीकोपऱ्यांत गोचिडं दिसतात का तेही पाहा. बंगळुरूच्या हवेत गोचीड वर्षभर टिकतं आणि गोचीडतापाने इथली किती कुत्री दगावतात ते कुठल्याही पशुवैद्याला विचारावं.

आता पाण्याचं. बेळ्ळंदूरचा तलाव हा शहरातला सर्वांत मोठा तलाव, जवळजवळ नऊशे एकरांचा. शहराचं सांडपाणी त्यात येऊन फेसाळलं, जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या काठाला आग लागली आणि ती विझवायला लष्कराचे जवान आणावे लागले. याच तलावातलं पाणी पुढे वरतूरच्या तलावात उतरतं. मधली जमीन सखल आहे आणि राजकालुवे, म्हणजे पाणी वाहून नेणारे जुने मोठे नाले, जागोजागी बुजलेले आहेत. स्वस्त आणि मोकळा प्लॉट मिळतो तो नेमका अशा सखल जागी, आणि केनेलला तसाच प्लॉट हवा असतो. म्हणून इथे जो प्रश्न विचारायलाच हवा, तो पुण्यात कदाचित कुणी विचारणार नाही: २०२२ मध्ये या जागेत पाणी आलं होतं का, आणि पुन्हा आलं तर जनावरं कुठे हलवणार? नुसतं ‘काही होत नाही सर’ हे उत्तर पुरेसं नाही. पिंजऱ्यांची जमीन रस्त्यापेक्षा किती उंच आहे? कुलपांच्या किल्ल्या रात्री कुणाकडे असतात? वरचा मजला आहे का? साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यांनाही आणि त्यांना सांभाळणाऱ्या त्या मुलालाही. लेप्टोची लस दरवर्षी लागते. ती दोन वर्षांपूर्वी दिली होती म्हणून गप्प बसू नका.

‘आमच्याकडे सगळी मिळून मिसळून खेळतात’ ही जाहिरात ऐकायला छान वाटते. मला ती काळजीत टाकते. मोठं कुत्रं दिवसाचे निम्मे तास तरी झोपतं किंवा डुलकी काढतं. वीस अनोळखी कुत्र्यांच्या गोंगाटात त्याला ती झोप मिळत नाही. घरी आल्यावर ते दोन दिवस मेल्यासारखं झोपतं आणि आपण म्हणतो, किती खेळला असेल! पुष्कळदा तो थकवा जागरणाचा असतो. दुपारी त्यांना वेगवेगळं, शांत झोपवतात का हे विचारा, लहान आणि मोठी कुत्री वेगळी ठेवतात का आणि माजावर आलेली मादी घेतात का हेही विचारा. आणि तुमच्याकडे मुधोळ किंवा कारवानी असेल, तर कुंपणाची उंची स्वतः पाहा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ज्या शिकारी कुत्र्यांना नावलौकिक मिळवून दिला, त्यांच्या रक्तात धावणं आहे. फटाक्याने बिथरलेला मुधोळ लॅब्रॅडॉरसाठी बांधलेल्या कुंपणावरून सहज जातो आणि पलीकडे सर्जापूर रस्ता असतो.

मांजरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शक्यतो त्यांना बोर्डिंगमध्ये ठेवूच नये. मांजर माणसाइतकंच जागेला बांधलेलं असतं. परक्या पिंजऱ्यात ते कोपऱ्यात दडतं आणि खाणं सोडतं. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. शेजारच्या विश्वासू माणसाने दिवसातून दोनदा घरी येऊन खाणं-पाणी देणं आणि मातीचा ट्रे साफ करणं हे उत्तम. बेळ्ळंदूरच्या सोसायट्यांत आज मराठी, तमिळ, बंगाली घरं एकाच मजल्यावर आहेत. पोंगलला त्यांचं मांजर आपण बघायचं आणि गणपतीत आपलं त्यांनी, अशी देवाणघेवाण जमवायला हरकत नाही.

एवढी सगळी तपासणी ग्राहकानेच का करायची, हा रास्त प्रश्न आहे आणि माझा खरा राग तिथेच आहे. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी केंद्राने २०१७ मध्ये नियम केले, प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८ मध्ये केले. पण दुकानाची व्याख्या विक्रीभोवती फिरते, त्यामुळे पैसे घेऊन दुसऱ्याचं जनावर सांभाळणारी जागा तिच्या बाहेरच राहते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर काळजीची जबाबदारी टाकतं, आणि अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणं कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! १८७२ च्या करार कायद्यात तर थेट गाईचं उदाहरण आहे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वासरूही मालकाला परत द्यायचं. म्हणजे जनावर विश्वासाने सोपवण्याचा व्यवहार आपल्या कायद्याला दीडशे वर्षं ठाऊक आहे, फक्त त्या जागेची पाहणी करणारा माणूस कुणी नेमलेला नाही. इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार घरगुती बोर्डिंगलाही स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. निरीक्षक येऊन पाहणी करतो, एक ते पाच तारे देतो आणि परवाना क्रमांक वेबसाइटवर ठळकपणे दाखवावा लागतो. बंगळुरूच्या पालिका प्रशासनाने आणि कर्नाटकच्या पशुसंवर्धन खात्याने असंच करावं, अशी मागणी मी या स्तंभातून करतो आहे. सुरुवात फक्त तीन गोष्टींची हवी: रात्रीचा माणूस, जनावरांची कमाल संख्या आणि पुराच्या वेळी बाहेर काढण्याची लेखी योजना. पुणे आणि मुंबईच्या पालिकांनाही ही मागणी तितकीच लागू आहे.

तोवर आपला कागद आपण करायचा. लसींची नोंद, औषधांचे डोस, तुमच्या पशुवैद्याचा नंबर, तुम्ही विमानात असताना निर्णय कोण घेईल त्याचं नाव आणि उपचारांवर किती खर्चाला तुमची आधीच संमती आहे तो आकडा, एवढं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे घेऊन दिलेली सेवा असल्याने २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, आणि तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. आधी एक दिवस, मग एक रात्र ठेवून पाहा. खाणं घरचंच द्या, कारण जागा आणि खाणं एकदम बदललं की जुलाब ठरलेले. केनेल कफची लस निघण्याच्या एक-दोन आठवडे आधी द्या, आदल्या दिवशी नको. आणि जी जागा तुमच्याकडे लसींचे कागद मागत नाही, कुत्र्याच्या स्वभावाबद्दल काही विचारत नाही, गणपतीच्या आदल्या दिवशीही ‘या, जागा आहे’ म्हणते, तिथून परत फिरा.

परत आणल्यावर पंधरा दिवस लक्ष ठेवा. पार्व्हो साधारण आठवडाभरात डोकं वर काढतो, केनेल कफला दोन आठवडेही लागू शकतात. खोकला, उलटी, रक्ताचे जुलाब दिसले तर डॉक्टरांकडे न्याच, पण त्याच दिवशी त्या बोर्डिंगलाही फोन करा. तिथल्या इतर कुत्र्यांची माणसं अजून गावीच असतील.