कचऱ्यातल्या मालकिणी

पर्यावरणपूरक उद्योगातल्या स्त्रियांचा गौरव करताना कचरावेचक सहसा कुणाला आठवत नाहीत. पुण्यात 1993 साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. 2008 मध्ये तिने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार केला. सभासद बहुतांश स्त्रिया, त्याही दलित; आणि संस्थेची मालकी त्यांचीच. घरोघरच्या शुल्काला भंगारविक्रीची जोड असते. पालिकेच्या आधारावर चालतो तो कसला उद्योग, असा आक्षेप येतो. पण मोठे ठेकेदार तरी कुणाच्या पैशावर चालतात? त्यांना टनामागे पैसे मिळत असतील तर कचरा जितका जास्त वाहावा तितका फायदा. वेचकबाईची कमाई मात्र त्यातून जितके वेगळे काढावे तितकी वाढते. पर्यावरणाचे हित इथे व्यवहारातच मुरलेले आहे, जाहिरातीत नव्हे. जातीने लादलेल्या कामालाच उद्योजकतेचा मुलामा देता का, हा दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. मालकीने जात पुसली जात नाही. तरीही दर ठरवताना, हातमोजे नि वर्गीकरणाला शेड मागताना करारातला पक्ष म्हणून बोलणे आणि मुकादमापुढे हात पसरणे, यांत अंतर आहे. नव्या निविदा काढणाऱ्यांनी आधी तेच मोजावे.