राजाची इनामे आणि प्रजेचे अर्ज

इंग्लंडच्या पार्लमेंटचा इतिहास शिकविणारी पुस्तके १२१५ च्या सनदेवरून बहुधा थेट १६८८ च्या राज्यक्रांतीवर येतात. मधल्या शतकांत तेथील प्रतिनिधी कशासाठी भांडत होते, हे त्यांत क्वचितच सांगितलेले असते. ते मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नासाठी भांडत होते, आणि त्यांचे हत्यार होते अर्ज.

तेराव्या शतकाच्या अखेरीस, पहिल्या एडवर्डच्या कारकिर्दीत, पार्लमेंटपुढे अर्ज करण्याची रीत रूढ झाली. कुणाची जमीन सरकारी अंमलदाराने बळकावलेली असे, कुणाचे मंजूर वर्षासन खजिन्यात अडकलेले असे. बहुतांशी फ्रेंच भाषेत लिहिलेले असे हजारो अर्ज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेले आहेत. सभागृहाच्या अर्जांना नकार द्यायचा झाला तरी उत्तराची भाषा सभ्य असे : राजा विचार करील. सरकारी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या वाचकांना या उत्तराचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे वैयक्तिक गाऱ्हाण्यांच्या जोडीला सभागृहाचे सामुदायिक अर्ज येऊ लागले आणि त्यांत एक प्रश्न वारंवार डोके वर काढू लागला. राजाने खालशातील जमिनी मर्जीतल्या सरदारांना वाटून टाकल्यावर दरबाराचा खर्च कोणी भरावयाचा? राजाने स्वतःच्या उत्पन्नावर राहावे व युद्धासारख्या प्रसंगीच कर मागावा, असा संकेत होता. इनामे वाढली की उत्पन्न घटे. मग ग्रामीण भागातील जंगम मालमत्तेच्या पंधराव्या आणि शहरांतील दहाव्या हिश्शावर डोळा जाई. राजाचे औदार्य हे अखेर करदात्याच्या पैशावरचे औदार्य आहे, हे त्या अर्जदारांनी अचूक ओळखले होते.

१४०१ मध्ये सभागृहाने आधी अर्जांची उत्तरे व मग कर असा आग्रह धरला. चौथ्या हेन्रीने तो फेटाळला. १४०४ मध्ये कॉव्हेंट्री येथे १३६६ पासूनची इनामे खालसा करण्याची मागणी झाली. तेव्हा इनामदारांनी आणि वर्षासनदारांनी एका वर्षाचे उत्पन्न राजास द्यावे, एवढ्यावर प्रकरण मिटविण्यात आले.

खरा स्फोट झाला तो १४५० साली. सहाव्या हेन्रीपुढे सभागृहाने हिशेबच मांडला : कर्ज ३,७२,००० पौंड, दरबाराचा वार्षिक खर्च २४,००० पौंड, आणि हाती राहिलेले नेहमीचे उत्पन्न अवघे ५,००० पौंड! इनामे खालसा करण्याचा कायदा करणे राजाला भाग पडले. परंतु त्याला १८६ अपवाद जोडलेले होते. ज्यांच्यासाठी कायदा करावयाचा, त्यांनाच कायद्यातून वगळावयाचे, ही कला तेव्हाच पूर्णत्वास गेली होती. त्याच उन्हाळ्यात केंट परगण्यातून जॅक केडचे बंडखोर लंडनवर चालून आले. राजाच्या जमिनी परत घ्या, ही त्यांचीही मागणी होती. त्यानंतरचा १४५१ चा कायदा पहिल्याहून पुष्कळ कडक निघाला.

सार्वजनिक संपत्तीचे वाटप हा राजाचा खासगी मामला नव्हे, या तत्त्वाचे मोल समाजवाद्यांनी कमी लेखू नये. पण ते उच्चारणारे कोण होते, हेही विसरता कामा नये. 'सामान्यांचे' म्हणविणारे हे सभागृह परगण्यांतील जमीनदारांचे व शहरांतील श्रीमंत व्यापाऱ्यांचे होते. १४२९ च्या कायद्याने तर परगण्यांतील मताधिकार वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची मुक्त जमीन असणाऱ्यांपुरताच ठेवला.

या सभागृहाची दुसरी बाजू १३७७ मध्ये दिसली होती. दक्षिण इंग्लंडमधील अनेक गावांच्या भूदासांनी १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीचे उतारे पैसे मोजून मिळविले. आपली गावे मुळात राजाच्या खालशातील आहेत, सबब जमीनदाराची वेठ आपल्यावर बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. युक्तिवाद कागदोपत्री होता, सनदशीर होता. सभागृहाने तत्काळ अर्ज केला : या लोकांचा बंदोबस्त व्हावा. या अर्जावर राजाला फार विचार करावा लागला नाही. उतारे निरुपयोगी ठरविण्यात आले व वेठ नाकारणाऱ्यांना तुरुंगात टाकण्याचे अधिकार खास न्यायमंडळांना देण्यात आले. चार वर्षांनी, १३८१ मध्ये, शेतकरी उठले, तेव्हा ठिकठिकाणी त्यांनी जमीनदारांची दप्तरे बाहेर काढून जाळली.